पारूच्या खांद्याचा कागद

सुट्टीत पुण्याला गेलो की मित्र विचारतात, "एडिंबरोला पाच वर्षं शिकून तू पारनेरला दिवसभर करतोस तरी काय?" मी म्हणतो, विचारतो. पाठ दुखते म्हणून कुणी आलं की पाठ तपासतो, आणि पाठीत काही सापडलं नाही तर घरचं विचारतो. लढाईच्या काळात तिकडच्या इस्पितळात मी डोळ्यांनी पाहिलं होतं, की हाडामासात काडीचा बिघाड नसताना माणसं खरोखर कळवळतात, आणि कुणी मन लावून ऐकून घेतलं की सावरतात. ते ज्ञान घेऊन मी मोठ्या उत्साहाने गावी परतलो. ज्ञान कितपत रुजलं ते ठाऊक नाही, पण किश्शांची थप्पी लागली. एक ओढला की दोन खाली पडतात.

*

माझे कंपाउंडर वामनराव वडिलांच्या वेळेपासूनचे. माझ्या पद्धतीवर त्यांचा पहिल्या दिवसापासून आक्षेप.

"डॉक्टर, नुसतं विचारायचं आणि बाटली द्यायची नाही, तर लोक आपल्याकडे कशाला येतील? मामलेदार कचेरीत फुकट विचारतात."

मी म्हटलं, "वामनराव, माणसाला बोलतं करणं हेच औषध."

ते म्हणाले, "बरं. मग ते दिवसातून किती वेळा द्यायचं?"

*

पारू आली ती सासूबरोबर. वय पंचविशीचं, उजवा खांदा दिवाळीपासून धरलेला. हात वर जाईना, जातं ओढवेना. नगरच्या मोठ्या डॉक्टरांनी पाहिलं, काही सापडलं नाही. सासू गोदाबाई खमकी. तिने आल्या आल्या, पारूच्या देखतच, मुदत सांगून टाकली.

"पाडव्यापत्तुर हात चालला तर ठीक. न्हाईतर हिला माहेरी, तिसगावला घालवनार, आन् पोराला दुसरी बघनार. घरात दळायला मानूस नगं का?"

गुढीपाडव्याला महिना होता. पारू जमिनीकडे बघत उभी.

मी पारूला विचारलं, "कुठे दुखतं?"

"खांद्यात," गोदाबाई म्हणाली.

"झोप लागते का?"

"लई."

"जेवण जातं?"

"दोन भाकरी."

माझी सगळी विद्या पेशंटच्या बोलण्यावर उभी, आणि पेशंटने अजून तोंड उघडलं नव्हतं. मी पारूकडे बोट करून स्पष्ट म्हटलं, "बाई, जीभ दाखवा."

गोदाबाईने जीभ दाखवली.

*

मग मला विलायतेतला कोच आठवला. तिकडे काही डॉक्टर पेशंटला लांब कोचावर निजवतात, आपण उशाशी, नजरेआड बसतात, आणि मनात येईल ते बोलायला सांगतात. मी सुताराकडून तसा कोच करून घेतला. पाठदुखीचे एक पाटील आले, त्यांना त्यावर निजवलं.

"बोला पाटील, मनात येईल ते."

पाटील मान वळवून वळवून मागे बघायचे. "डागदर, तुमी मागं काय करताय?"

"काही नाही. ऐकतोय."

"मग म्होरं या की. मागं बसून ऐकनारा मानूस बरा नसतो."

मी पुढे आलो नाही. पाटील थोड्याच वेळात घोरू लागले. तीन तासांनी उठले ते पाठ चोळत, हसत. "मोकळी झाली की हो! घरात सा पोरं, निजू कोन देतंय?"

दुसऱ्या दिवशी दारात चार माणसं बसलेली. वामनराव आत आले. "डॉक्टर, विचारताहेत, घोंगडी घरची आणायची की दवाखान्याची मिळेल?"

पारूला मात्र कोचावर निजवायची सोय नव्हती. सासूसमोर सून निजणार कशी?

*

पारूला एकटीला गाठायची युक्ती शेवटी वामनरावांनीच काढली. पुढच्या बाजाराला दोघी आल्या तेव्हा त्यांनी गोदाबाईच्या हाती रिकामी बाटली दिली. "ही विहिरीवरून तीन पाण्यानं धुऊन आणा. वडीलधाऱ्या माणसाच्याच हातची हवी."

गोदाबाई गेली. मी पुढे वाकून, शिकलो होतो तितक्या हळुवारपणे विचारलं, "पारूबाई, मनाला काही लागलंय का?"

"मनाला काय व्हतंय? हात दुखतोय."

संपलं. पाच वर्षांचं शिक्षण एका वाक्यात निकालात निघालं. काहीतरी करायचं म्हणून म्हटलं, "बरं, दळता कशा ते करून दाखवा."

ती फरशीवर बसली, एक पाय पसरला, आणि हवेतच खुंटा धरून हात फिरवू लागली. हात अर्ध्यात अडखळत होता. मी सांधा बघत होतो, स्नायू बघत होतो. पलीकडे औषधांच्या खोलीत खलबत्ता थांबला आणि वामनराव खिडकीतून म्हणाले, "पोरी, तू खुंटा इतका खाली का धरलास? वरची जागा रिकामी का?"

पारूचा हात थांबला. "तितं थोरल्या जाऊबाईंचा हात आसतो."

मग ती बोलली. सात वर्षं दोघी जावा रोज पहाटे समोरासमोर बसून एकच जातं ओढत आल्या. दिवाळीत दोघा भावांची वाटणी झाली, घराच्या मधोमध भिंत उठली, बोलणं बंद. "पल्याड त्यांच्या बांगड्या वाजत्यात," पारू म्हणाली, "त्या ऐकू आल्या की हात उचलत न्हाई."

मला इतका आनंद झाला की यावर एडिंबरोला एक लेख पाठवावा असं मी तिथल्या तिथे ठरवलं.

वामनराव म्हणाले, "लेख मागाहून. आधी गोदाबाई विहिरीवरून येतील."

*

मी मोठ्या अक्षरात कागद लिहिला: पेशंटने एकटीने जाते ओढू नये. समोर सवयीचा हात असावा. रोज पहाटे, तीन आठवडे.

गोदाबाईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "शेजारची रखमा बसवते की."

"रखमाच्या हाताची सवय आहे का?"

"सवय थोरलीच्या हाताची. पर दोन्ही भाव बोलत न्हाईत."

"भावांना दळायला कुणी सांगितलंय?"

"आन् ह्या दोघी बोलल्या तर?"

वामनराव मध्ये पडले. "कागदावर बोलायचं काही लिहिलेलं नाही. बोलायला मनाई आहे असंही लिहिलेलं नाही." आणि त्यांनी धुतलेल्या बाटलीत लाल औषध भरून, डोसाची पट्टी चिकटवून दिली. माझ्या कानाशी म्हणाले, "राहू द्या. बाटलीशिवाय कागदाला वजन येत नाही."

गोदाबाईने कागद पदराला बांधला. ती थोरल्या मुलाच्या दारात जाईल की नाही, हे आम्हा दोघांनाही सांगता येईना.

*

त्या तीन आठवड्यांत माझं लक्ष सगळं तिसगावच्या वाटेवर. तेवढ्यात एक हवालदार आले, ब्रह्मदेशातून लढाई करून घरी परतलेले. डोकं रोज दुखायचं.

"लढाईत दुखायचं का?"

"न्हाई साहेब. तितं सकाळी उठून काय करायचं ते दुसरा सांगायचा."

मी त्यांना दिवसाचं वेळापत्रक लिहून दिलं. सहाला विहीर, सातला गोठा, दहाला बांध, चारला मुलांचा अभ्यास. आठ दिवसांनी ताठ उभे राहून सलाम केला.

"सोमवार ते शनवार डोकं एकदम ठीक, साहेब. रविवारी फुटायची पाळी आली. रविवारचं तुमी कायच लिवलं न्हाई."

*

पाडवा झाला. पारू आली नाही, निरोपही नाही.

बाजाराच्या दिवशी गोदाबाई आली. एकटी.

"पारू कुठे आहे?"

"दळतीय."

"तिसगावला?"

"तिसगावला कशाला? घरी. थोरलीसंगं. पयले दोन दिस कन्हली, मग हात चालला. आता पायली पायली दळत्यात आन् कोंबड्यावानी कलकल करत्यात. दुसरी बघायची न्हाई म्हनून सांगितलं मी पोराला."

वामनरावांनी खिडकीतून माझ्याकडे पाहिलं. मी खुर्चीला टेकलो. गोदाबाई मात्र उठेना. तिने पदर सावरला आणि उजवा खांदा माझ्यापुढे केला.

"आता ह्यो बघा."

"तुमचा? कधीपासून दुखतोय?"

"कागद घेऊन थोरल्याच्या दारात गेल्ते. वाटनीत गाय त्याला, मी धाकट्याला. चार महिन्यांनी पयल्यांदा उंबऱ्याशी हुबी राहिले. त्यानं कागद वाचला, बायकोला म्हनला, जा. मला बस म्हनला न्हाई."

मी खांदा तपासला. हात सगळीकडे फिरत होता. वामनराव लाल बाटली घेऊन पुढे आले.

"बाटली नगं," गोदाबाई म्हणाली. "कागद लिवा."

मी पेन उचललं. "काय लिहू?"

"लिवा, ह्या बाईनं रोज सांच्याला थोरल्याच्या घरी दोन घास खायाचे."

मी लिहिलं. "किती दिवस?"

"मी हाय तवर."