धाकटीचा पहारेकरी

माझी धाकटी जाऊ जेवणाच्या टेबलावर बसून एका दवाखान्याची वेबसाइट बांधते. आधी आठ वर्षं कापडाच्या दुकानात बिलं करायची. मग मोबाइलवर बघून बघून जावास्क्रिप्ट शिकली. केसांत पेन खोचते आणि तेच घरभर शोधते. तिच्या कपाचे डाग पुसते मी, आणि सासूबाईंच्या तोंडी मात्र उठता-बसता 'आमची धाकटी'. प्रार्थनेला डोळे मिटले तरी तेच ऐकू येतं. देवा, तुझ्यापासून काय लपवू? पोटात दुखतं.

आज चार वाजता तिला डॉक्टरीणबाईंना काम दाखवायचं होतं. पसंत पडलं तर नोकरी पक्की, नाहीतर तीन महिन्यांची उमेदवारी संपली.

जेवताना सासूबाईंना सांगत होती, "आई, सर्व्हरवर पहारेकरी बसवलाय. मिडलवेअर म्हणतात त्याला. कुठलंही पान मागा, आधी तो विचारणार, लॉगिन केलंय का? नसेल तर लॉगिनच्या पानावर पिटाळणार."

"ऐक गं मोठे! नाहीतर तू, टीव्हीचा रिमोट सापडत नाही तुला."

मी ताक वाढायला उठले.

दोन वाजता धाकटी म्हणाली, "ताई, तुमच्या मोबाइलवर जरा उघडून बघता?"

स्वयंपाकघरात जाऊन उघडलं. चक्र नुसतं फिरत राहिलं आणि शेवटी पान उघडत नाही असा निरोप आला. तिच्या लॅपटॉपवर ती सकाळपासून लॉगिन करूनच बसलेली, तिला कुठून कळणार?

"उघडलं का हो?"

"हात ओले आहेत गं," मी म्हटलं. हात कोरडे ठणठणीत होते.

जप सुरू केला, तर जपातही तिची फजितीच दिसायला लागली. घासलेलं पातेलं पुन्हा घासलं. तिकडे ती भिंतीकडे बघून "नमस्कार डॉक्टर" घोकत होती, आणि दर वेळी 'डॉक्टर'वर आवाज कापत होता. सव्वातीनला मला राहवेना. मोबाइल तिच्यापुढे धरला.

"माझ्याकडे नुसतं गरगरतंय बघ."

तिने कपाळावर हात मारला. "अगं बाई! मी पहारेकरी सगळ्याच पानांवर बसवलाय. लॉगिनच्या पानावर जाणाऱ्यालाही तो अडवतो आणि परत लॉगिनलाच पाठवतो!"

मग एक अट लिहिली: मागितलेलं पान लॉगिनचं असेल तर विचारायचं नाही, सोडायचं. माझ्या मोबाइलवर पान झटकन उघडलं.

पाच वाजता नोकरी पक्की झाली. सासूबाई म्हणाल्या, "मोठीने वेळेवर पाहिलं म्हणून निभावलं." इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझं कौतुक, आणि ते मला गिळवेना.

धाकटीला बाजूला घेतलं. "मला दोनलाच कळलं होतं. मुद्दाम गप्प बसले."

तिने केसांतलं पेन काढलं, पुन्हा खोचलं. मग म्हणाली, "तुमच्या जागी मी असते तर चारपर्यंत गप्प बसले असते, ताई," आणि माझ्यासाठीही चहा टाकायला गेली.

मनही एवढं मोठं द्यायचं होतं का तिला, देवा? आता त्याचाही हेवा वाटतोय.