खुंटीवरची माळ

आमच्या दवाखान्यातला कंपाउंडर चोरून मांस खात असे, असे गडचिरोलीत कोणी सांगू लागले की मी त्याला तिथेच थांबवतो. सांगणाऱ्यांपैकी एकही जण त्या दुपारी हजर नव्हता. मी होतो, शेजारच्या लाकूड आगाराचा मी कारकून.

पन्नास सालानंतरची ती वर्षे. कंपाउंडरच्या गळ्यात तुळशीची माळ, औषधाची बाटली कानाशी हलवून मगच देण्याची सवय, आणि वाक्याच्या आरंभी ठरलेले "आता पाहा". अशक्त बाळंतिणींना तो मीठ लावून चुलीच्या धुरावर वाळवलेले रानडुकराचे मांस खायला सांगे. टॉनिक आमच्या रानापर्यंत क्वचितच पोहोचे. हे मांस गोंडांच्या घरोघरी असे.

त्या दुपारी पांढऱ्याफटक पडलेल्या एका बाळंतिणीची सासू भडकली.

"डुक्कर? आमच्या घरी? अन् सांगते कोण, तं माळकरी! आधी तुमीच खाऊन दाखवा नं, भाऊ!"

"आता पाहा बाई, मी खाल्लं तं सुनेले द्याल?"

"देईन."

त्याने माळ काढून खुंटीला अडकवली, तिला देण्यासाठी पळसाच्या पानात बांधून ठेवलेल्या त्या मांसातला एक तुकडा चावून गिळला आणि उरलेली पुडी तिच्या हाती दिली. ती दिसेनाशी होईपर्यंत तो हसतमुख उभा होता. मग मागे जाऊन ओकला.

सून पुढे डोक्यावर घागर घेऊन दारावरून जाताना मी पाहिली. माळ मात्र खुंटीवरच राहिली, आणि लोकांनी तिच्यावरून ही कथा रचली. माळ परत का घालत नाही, असे मी त्यालाच विचारले होते.

"आता पाहा बाबूजी," बाटली कानाशी हलवत तो म्हणाला, "उद्या दुसरी सासू येईन नं."