यादीतलं चौदावं नाव

वेल्का नाउमोव्स्कीशी आमच्या कुरांबा पॉइंट या पोलादाच्या गावात पंचवीस वर्षं कुणी बोललं नाही. मीही नाही, आणि माझं तर तिच्या कुंपणाला कुंपण. भट्टीची काळी भुकटी तिच्या चादरींवर पडायची तीच माझ्या चादरींवर पडायची. वारा फिरला की दोघी एकाच वेळी दोरीकडे धावायचो, आणि एकमेकींकडे मान वर करून बघायचो नाही. मुक्यानं शेजार कसा करावा हे शिकायचं असेल तर माझ्याकडे या.

आधी असं नव्हतं. चौसष्ट साली ती मॅसेडोनियातल्या कुठल्याशा डोंगरातून, फोटो बघून ठरलेल्या नवऱ्याकडे आली. नवरा ट्रायको, पोलादाच्या कारखान्यात कोक भट्टीवर, म्हणजे दगडी कोळसा भाजतात तिथे, कामाला. बुटका, हसरा, घामेजलेला माणूस. वेल्का दवाखान्यात फरशा पुसायची. मार्चमध्ये तिच्याकडच्या सगळ्या बायका एखाद्या गॅरेजात जमायच्या आणि लाल ढोबळ्या मिरच्यांची पोतीच्या पोती भाजून वर्षाची चटणी घालायच्या. गल्लीभर खमंग धूर, आणि त्यात वेल्काचा आवाज सगळ्यांत मोठा. "नोला, भांडं घेऊन ये गं, तुमच्या त्या उकडलेल्या जेवणाला जरा चव येऊ दे!" असं ती कुंपणावरून ओरडायची. मी भांडं घेऊन जायचे. खोटं कशाला बोलू, ती चटणी मला फार आवडायची.

एक्याऐंशीच्या एप्रिलमध्ये पोलादाच्या कारखान्यात संप झाला. कारखाना बंद ठेवता येतो, कोक भट्टी बंद ठेवता येत नाही. ती गार पडली की आतल्या विटा तडकतात, मग संप जिंकूनही परत जायला भट्टीच उरत नाही. म्हणून दर संपात युनियनच काही माणसं निवडून आत धाडायची, भट्टी नुसती ऊबदार ठेवायला. त्यांची यादी गेटवर लागायची. यादीत नाव असलेला आत गेला तर तो आपला, नसलेला गेला तर संपफोड्या. मधलं काही नव्हतं.

ती यादी मी टाइप केली. युनियनच्या ऑफिसात मीच एक टायपिस्ट होते. आमचा सेक्रेटरी रेग यानं पेन्सिलीनं लिहिलेला कागद माझ्यापुढे टाकला आणि बाहेर पळाला. कागदावर तेरा नावं होती, मी तेरा टाइप केली. त्याच संध्याकाळी गेटवर भाषण करताना रेग कोसळला आणि दवाखान्यात पोचायच्या आधी गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रायको डबा घेऊन भट्टीवर गेला; रेगच्या मरणाच्या गोंधळात गेटवर कुणी त्याला अडवलं नाही. दुपारी बाहेर आला तेव्हा गेटवरच्या माणसांनी त्याचं नाव यादीत शोधलं, ते नव्हतं.

"रेगनं खांद्यावर हात ठेवून सांगितलं मला, जा म्हणून," तो म्हणत राहिला.

"मेलेला माणूस साक्षीला बरा सापडतो रे तुला," कीथ त्याला म्हणाला. कीथ तेव्हा पहाऱ्यावरचा म्होरक्या होता, आता कामगारांच्या क्लबचा अध्यक्ष आहे. ट्रायकोच्या तोंडावर तिथेच कुणी तरी थुंकलं.

तिसऱ्या दिवशी पहाटे माझा नवरा डेस आणि आणखी दोघांनी नाउमोव्स्कींच्या दारावर लाल रंगानं 'संपफोड्या' असं लिहिलं. हातभर मोठी अक्षरं. त्याच दुपारी ऑफिसात कागद लावताना मी रेगचा तो कागद उलटा केला. पाठीवर एकच नाव होतं, ट्रायको नाउमोव्स्की, खाली रेघ मारून.

मी तो कागद शेगडीत घातला.

आता तुम्ही मला काय म्हणाल ते मला माहीत आहे. पण चूक पहिल्या दिवशी सांगता येते. दारावर रंग चढला की ती एकट्या टायपिस्टची राहत नाही, सगळ्या गल्लीची होते. डेसला काय सांगायचं होतं मी, की जा, रंग पुसून ये? खाई त्याला खवखवे म्हणतात. मला काही खवखवलं नाही. भीती वाटली, आणि पुढे तिची सवय झाली.

मग गाव सुटलं त्यांच्यावर. पत्रपेटीत माशांची आतडी पडू लागली. खाटीक वेल्काला सगळ्यांत शेवटी मटण द्यायचा, तीही नुसती हाडं. भट्टीवर ट्रायकोशेजारी कुणी डबा उघडत नसे. मार्चमध्ये मिरच्या भाजायला तिला कुणी बोलावलं नाही. तिनं आपल्या गॅरेजात एकटीनं एक पोतं भाजलं, आणि तो एकटा धूर बघून आम्ही बायका हसलो. मीही हसले. मुलीच्या लग्नात तिनं दोनशे माणसांचा हॉल घेतला. अकरा आली, त्यातली चार नवऱ्यामुलाच्या घरची. तिचा सख्खा भाऊ म्हणाला, "नवऱ्याला सोड, तर येतो." तिनं भावाला सोडलं.

गाव सोडून जायचं म्हणाल, तर ट्रायको कितीदा म्हणाला. कुंपणापलीकडून मला ऐकू यायचं.

"गेलो तर कबूल केल्यासारखं होईल," ती त्याला सांगायची. "तू खोटं बोलत नाहीस. मग आपण का जायचं? त्यांना जाऊ दे!"

अख्ख्या पॉइंटमध्ये ट्रायकोवर विश्वास ठेवणारी ती एकटीच होती, आणि त्याला तेवढं पुरत असावं. दोन हजार तीनमध्ये तो छातीच्या रोगानं गेला. शवपेटी उचलायला भाड्याची माणसं आली.

त्यानंतर तिनं एकच गोष्ट धरली. क्लबच्या भिंतीवर लाकडी फळा आहे, पंचवीस वर्षं कारखान्यात काढलेल्यांची नावं त्यावर सोनेरी अक्षरांत रंगवतात. ट्रायकोची अडतीस झाली होती. तिनं तीनदा अर्ज केला. पहिले दोन कीथनं फाडले. तिसऱ्याला, म्हातारपणी जरा मऊ पडल्यामुळे, उत्तर दिलं: संपाच्या यादीत नाव होतं असं कुणी सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी फळ्यावर रंगवू. युनियनचं ऑफिस कधीच बंद झालं होतं, कागद गेले होते. यादी ज्यांनी हाताळली त्यांतली जिवंत उरले होते मी एकटीच.

परवाच्या मार्चमध्ये, सकाळी दहाला, वेल्का माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. हातात चटणीची बरणी. केस पार पांढरे झालेले. आतल्या खोलीत डेस घोड्यांच्या शर्यती ऐकत होता.

"बस," मी म्हणाले. पंचवीस वर्षांतला माझा पहिला शब्द.

"बसायला नाही आले. नोला, ती यादी तू टाइप केलीस ना?"

"केली."

"त्यात माझ्या ट्रायकोचं नाव होतं का? मला आता कुणाशी भांडायचं नाही गं. कुणाचं नाव घेणार नाही. फक्त हो किंवा नाही सांग."

आत डेसनं रेडिओचा आवाज कमी केला. तो ऐकत होता. एक 'हो' म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी सोनेरी रंगाचा डबा उघडला असता. पण मग सगळ्यांनी विचारलं असतं, होतं तर गेटवरच्या कागदावर का नव्हतं? पंचवीस वर्षं काय तोंडात मिठाची गुळणी धरून बसली होतीस?

"नाही," मी म्हणाले. "त्या यादीत त्याचं नाव नव्हतं."

एक अक्षरही खोटं नव्हतं त्यात. मी टाइप केलेल्या यादीत तेराच नावं होती.

वेल्का मग बसली. तिनं बरणीचं झाकण चोळलं. "एकोणचाळीस वर्षं एका उशीवर डोकं ठेवून झोपला," ती म्हणाली, "आणि माझ्याशीसुद्धा खोटं?" मग बरणी माझ्या टेबलावर ठेवून गेली.

मंगळवारी कचऱ्याच्या गाडीसाठी तिनं ट्रायकोचं कारखान्यातलं हेल्मेट, बूट आणि लग्नातला कोट बाहेर ठेवला. रविवारी ती थडग्यावर गेली नाही. आणि शुक्रवारी, मटणाचा ट्रे कुणाला लागतो याची तिकिटांची सोडत चालू असताना, ती क्लबात आली. ती सरळ कीथसमोर जाऊन उभी राहिली.

"तुमचंच बरोबर होतं," ती मोठ्यानं म्हणाली. "माझा नवरा संपफोड्या होता. मी तुम्हा सगळ्यांना उगाच दोष दिला. माफ करा."

कीथ उठला आणि त्यानं तिला मिठी मारली. डेसनं डोळे पुसले, मेल्यानं. कुणी तरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. खाटकाच्या बायकोनं तिला मिरच्या भाजायला बोलावलं. त्यांना त्या दिवशी इतकं बरं वाटलं की विचारू नका. पंचवीस वर्षं त्यांनी केलं ते बरोबर होतं, हे तिनंच येऊन सांगितलं होतं.

वेल्का माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली आणि तिनं माझा हात हातात घेतला.

"इथं माझ्याशी खरं बोललेली तू एकटीच," ती म्हणाली.

मी तिला विचारलं, बियर घेणार का.