कडेला लावलेली चिकटपट्टी

माझ्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट यंदा मी माळ्यावरून काढली. आई जाऊन बरीच वर्षं झाली, आणि तिचं चालतंबोलतं रूप तेवढ्या एका कॅसेटमध्येच होतं. आतल्या टेपवर पांढरी बुरशी चढली होती, ओल्या गोणपाटासारखा वास येत होता. नगरला जुन्या कॅसेटी पेन ड्राइव्हवर उतरवून देणारा एक माणूस आहे. त्याने ती पुसूनबिसून लावली.

आई नवरदेवाला ओवाळायला पुढे आली. शूटिंगच्या दिव्याने डोळे मिचकावत म्हणाली, "त्यो लाईट जरा बाजूला घ्या, काय दिसंना मला."

एवढ्यात पडद्यावर मुंग्या आल्या आणि कुठल्याशा हिंदी सिनेमातली हाणामारी सुरू झाली. पुढे शेवटपर्यंत तो सिनेमाच होता.

त्या माणसाने कॅसेटची कड दाखवली. शूटिंग पुसलं जाऊ नये म्हणून कडेचा एक प्लॅस्टिकचा तुकडा मोडून ठेवत. इथेही तो मोडलेला होता, पण त्या खाचेवर कुणीतरी चिकटपट्टी लावली होती; खाच अशी बुजवली की कॅसेटवर पुन्हा भरता येतं. म्हणजे हे चुकून झालं नव्हतं.

ते कुणी केलं, हे मला विचारायची गरज नव्हती. कोल्हारला माझ्या थोरल्या भावाची व्हिडिओ लायब्ररी होती. दोन व्हीसीआर वायरीने जोडून तो एका सिनेमाच्या चार कॅसेटी करायचा. आमच्या घरी व्हीसीआर नव्हता, म्हणून लग्नाची कॅसेट महिनाभर त्याच्याकडेच होती.

मी थेट त्याच्या घरी गेले. तो नाकबूल झाला नाही. बशीतला चहा फुंकत म्हणाला, "कोऱ्या कॅसेटी मिळत नव्हत्या तवा. अन् आई काय, रोज समोरच हुती की."

मला किळस आली. त्याची आली आणि माझीही. कारण तो सिनेमा मी बघितला होता, बहुधा याच कॅसेटवरून, त्याच्याच दुकानात, आईच्या शेजारी बसून. त्या खोट्या हाणामारीला आम्ही दोघी पोट धरून हसलो होतो.

शूटिंगचा उरलेला तुकडा घेऊन ये, मोठ्या टीव्हीवर सगळे मिळून बघू, असं तो म्हणाला. पेन ड्राइव्ह माझ्या पर्समध्येच होता.

"तुझ्याकडं एकदा दिली तेवढी बास, दादा," मी म्हणाले, आणि माझा चहा तसाच ठेवून निघाले.