मानेवरचा हात

“मागं मीच बसनार गं. माझा हात जड हाय, पोरीची मान लगेच खाली जाते,” पडद्याआड खाला मामीला सांगत होती.

मान माझी होती. निकाहाच्या दिवशी नवरीची संमती विचारायला तिच्याकडचा एक वडीलधारा, ज्याला वकील म्हणतात तो, दोन साक्षीदार घेऊन माजघरात येतो. आमच्यात कुठलीच नवरी तोंडाने उत्तर देत नसे. मागे बसलेली बाई तिचं डोकं पुढे दाबी, बायका “झालं, झालं” म्हणत आणि बाहेर खजूर वाटले जात. नेरळमधल्या निम्म्या माना खालानेच वाकवल्या होत्या.

मला ते सोयीचंच होतं. पुण्याच्या मिशनच्या शाळेत मी पानपानभर इंग्रजी कविता न अडखळता म्हणत असे, पण ते दुसऱ्याचं बोलणं. स्वतःचं एक वाक्य चारचौघांत बोलायचं म्हटलं की घसा बंद. नवरा मुलगा खालापूरकडचा, तांदळाचा व्यापारी. एकदाच त्याला स्टेशनवर पाहिलं होतं, हमालाच्या बरोबरीने पोतं उचलताना. तेव्हापासून रोज पहाटेच्या नमाजानंतर मी एकच मागत होते: हे स्थळ भलं असेल तर मनाला तसं कळू दे. मनाला काही कळलं नव्हतं. गुडघे तेवढे दुखत होते.

माझे वकील म्हणून मामू साक्षीदार घेऊन आत आले, ते घाम पुसतच. खालाचा हात माझ्या डोक्यावर तयार होता.

“बाय, हात काढ,” मामू तिला म्हणाले. “नवरदेव अडून बसलाय. मान हललेली चालनार नाय म्हणतो.”

“का रं? आजवर चालली ती कशी?”

“त्याच्या भनीची अशीच हलवली होती. ती अजून नवऱ्याला विचारते, मी कवा हो म्हटलं? हिच्या तोंडून ऐकू आलं तरच निकाह. नायतर तो उठून जानार, आणि लोकांना सांगनार की नकार त्याचाच होता, पोरीचा नाय.”

“आगं बाई! पोरगी लाजते, हे त्याला कोन सांगंल?”

“तूच जाऊन सांग. पुलाव निवतोय.”

बायका हसल्या. मी हसले नाही. नको असेल तर मला सुटता यावं आणि बोल त्याच्यावर यावा, एवढी सोय त्या माणसाने करून ठेवली होती. महिनाभर मागितलेलं ते हेच असावं. छाती एकदम हलकी झाली. पण मी गप्प राहिले असते तर तो खरंच उठला असता.

मामूंनी त्याचं नाव घेऊन विचारलं. पुन्हा विचारलं. खालाची बोटं सवयीने दाबू लागली. तिसऱ्यांदा विचारताना मामूंचाच आवाज चिरकला.

मी मान ताठ केली आणि म्हणाले, “मामू, मला कबूल हाय. खाला, आता हात काढ गं, मान अवघडली.”