आत्याच्या समईवरची अक्षरं

आज सकाळी देवरूखला आत्याकडे पूजेला गेले होते. तिने चांदीची समई घासायला माझ्या हातात दिली. घासताना बुडावरची अक्षरं उजळली: 'वास्तुशांतीनिमित्त दादाकडून सप्रेम भेट, मे १९८५.'

दादा म्हणजे माझे बाबा. तेव्हा आई-बाबा वेगळे झाले होते. त्याच महिन्यात बाबांनी रत्नागिरीच्या कोर्टात अर्ज केला होता की मुंबईची नोकरी गेली, मुलीची पोटगी कमी करा. आई लढणार होती. पण हीच आत्या घरी येऊन रडली, "वहिनी, दादा एकच वेळ जेवतोय."

आईने कमी पोटगीला मान्यता देऊन सही केली आणि काजूच्या कारखान्यात बिया फोडायला जाऊ लागली. चिकाने तिच्या बोटांची सालं निघायची. माझी वेणी घालताना ती सालं केसांत अडकायची.

मी समई आत्यासमोर धरली. ती म्हणाली, "भाऊ होता गो माझा. काय करणार?"

न जेवताच एसटी धरली. घरी आल्यावर आईने विचारलं, "आत्या बरी आहे ना गो? त्या दिवसांत सासरचं तेवढं एकच माणूस माझ्याशी खरं बोललं."

मी "बरी आहे" म्हटलं. तुम्ही काय सांगितलं असतं?