स्ट्राइकचे अर्थ आणि बाजाराचा दिवस

हसायचं असंन तर आताच हसून घ्या. कारण पुढं जे सांगून राह्यलो, ते ऐकून तुम्ही मले मास्तर म्हणाल का नाही, शंकाच हाय!

महाराष्ट्र राज्य नवंनवं झालं होतं. मी मोताळ्याच्या अलीकडं एका गावात इंग्रजीचा मास्तर होतो, तेही कच्चा. पक्का कधी होणार? तपासणीचे साहेब येऊन माहा वर्ग पाहतील आन हो म्हणतील तेव्हा. तिकडं नांदुऱ्याच्या एका गृहस्थानं साफ सांगून टाकलं होतं, "पोरगी द्याले आमची ना नाही. पण आधी नोकरी पक्की होऊ द्या." म्हणजे साहेबाची मान हालली तरच नोकरी, आन नोकरी तरच बायको!

साहेब पुण्याकडचे. म्हटलं, असं इंग्रजी दाखवतो की चाटच पडले पाह्यजेत. शब्द काढला 'स्ट्राइक'. काय शब्द आहे हो! मारलं तरी स्ट्राइक, काडी पेटवली तरी स्ट्राइक, वीज पडली, घड्याळाचे टोले पडले, गिरणीत संप झाला, तरी स्ट्राइकच! आन नुसतं सांगायचं नाही, करून दाखवायचं.

साहेब आले, खुर्चीवर बसले. मी टेबलावर असा दणका देल्ला की दौत उलटली. "स्ट्राइक!" साहेबानं कोट सावरला. मी काडी ओढली. "स्ट्राइक!" साहेबाची मान हालली. लगीन अर्धं ठरलं!

आता घड्याळ. शाळेतलं घड्याळ कवाचंच बंद. मी खिडकीतून चपराशाले आवाज देल्ला. "गणपत, घंटेवर बारा टोले दे बे!"

"आत्ता? आज बाजार हाय मास्तर!"

"मले शिकवतं का? वाजव!"

आमच्या शाळेत तास बदलला की एक टोला, आन सुट्टी झाली की धडाधड. हे मले माहीत नव्हतं का? रोज ऐकत होतो! पण डोक्यात स्ट्राइक भरला होता ना. चौथ्या टोल्याले पयलीचा वर्ग पळाला, सातव्याले सारी शाळा. बारा वाजले तवा वर्गात साहेब, मी आन उलटलेली दौत.

"हे काय, मास्तर?"

आता माही अक्कल पाहा. मी छातीठोक सांगतलं, "संप, साहेब! स्ट्राइकचा शेवटचा अर्थ!"

"वा! पण सगळ्या शाळेचा?"

"त्याबिगर समजत नाही, साहेब."

"उत्तम. आता हा संप मिटवून दाखवा."

मेलो! धावलो बाजारात. कोणी रेवड्या खाऊन राह्यलं, कोणी भज्याच्या कढईपाशी. याच्या हाताले धर, त्याची समजूत काढ. कोणी हालेना! शेवटी रडकुंडीले येऊन बोललो, "चाला बे पोट्टेहो, माहं लगीन मोडून राह्यलं!" तसे मात्र सारे उठले. बिचारे तोंडात भजे कोंबून माह्या मांगं निघाले. लय जीव लावत होते हो पोट्टे.

वर्ग भरला. साहेब खूश. "मिटला संप?"

"मिटला, साहेब!"

"शाबास! तुम्हाला कायम करायला माझी काही हरकत..." साहेब थांबले. डोळे बारीक करून माह्या हाताकडं पाहाले लागले. "मास्तर, संप मुलांचा होता ना? मग ही मेथी कोणाची?"

पाह्यतो तर काय! हातात थैली, आन थैलीतून मेथीची जुडी डोकावून राह्यलेली! अहो, बाजाराच्या दिवशी धडाधड घंटा झाली की खुंटीवरची थैली काढाची, हातालेच सवय. कवा काढली, कोणासंग भाव केला, देवाले ठाऊक!

पोट्टे खाली माना घालून खुसखुस हसून राह्यले. आता काय बनवून सांगणार?

"माही हाय, साहेब."

साहेब पोट धरून हसले. चष्मा काढून डोळे पुसले. "सकाळपासून तुम्ही बोललात, त्यातलं हे पहिलं खरं वाक्य. जा, केलं तुम्हाला कायम!"

लोक इंग्रजीच्या जोरावर पक्के होतात. मी मेथीच्या!